अकराच्या अकरा पोचायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या एका कॉलेजातून १९९४ साली बाहेर पडलेले अकरा मित्र. एक न्यू जर्सीत, एक दुबईत, एक मेलबर्नला. बाकीचे आठ कोल्हापूर, इचलकरंजी आणि पुण्यात. त्यांत एक साखर कारखान्यात नोकरीला, एक सीए, एकाची शिरोलीत फौंड्री, एकाचं झेरॉक्सचं दुकान. येत्या डिसेंबरात बायका-पोरांशिवाय, पाच-सहा दिवस, परदेशात समुद्रकिनारी भेटायचं. फुकेत, बाली की मालदीव?

तिन्ही नकोत, असं माझं उत्तर आहे. पण ते नंतर. बावीस वर्षं कोल्हापुरातून ग्रुप नेतोय, त्यांत असे जुन्या मित्रांचे पंधरा-सोळा तरी असतील. किनारा चुकला म्हणून ट्रिप फसली, असं एकदाही झालेलं नाही. फसते ती अशी, की ठरवताना अकरा असतात आणि विमानात सात बसतात. उरलेले चार भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत. "बघू की रं, जमलं तर" एवढंच म्हणतात. तेव्हा आधी या चौघांचं बघू.

माझ्या स्वतःच्या वर्गमित्रांची पहिली परदेशी ट्रिप मीच काढली होती. आमच्यातला एक जण पैशाचं नाव काढलं की विषय बदलायचा. दुसरा हुपरीत चांदीच्या धंद्यात, मनानं उमदा. तो चारचौघांत म्हणाला, "त्येचं मी भरतो, चल मर्दा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मित्र हसला, ट्रिपला आला नाही, आणि त्यानंतर रंकाळ्यावर सकाळी फिरायला यायचाही बंद झाला. तीन वर्षं. चूक चांदीवाल्याची नव्हती, माझी होती. ती वेळ त्या दोघांवर येऊ देणं हेच मी टाळायला हवं होतं.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. देश ठरवायच्या आधी प्रत्येकानं एका माणसाला, फक्त त्यालाच, आपला आकडा सांगायचा: सगळं धरून घरात ओढाताण न होता मी इतके घालू शकतो. त्या अकरा आकड्यांतला सगळ्यात लहान तो ट्रिपचा आकडा. तो कुणाचा, हे त्या एका माणसाशिवाय कुणाला कळत नाही. फौंड्रीवाल्याला विमानात पुढच्या सीटवर बसायचं असेल तर खुशाल बसू दे, तो त्याचा पैसा. पण खोल्या, जेवण, बोट हे सगळ्यांचं एकच. एकाला समुद्राकडची खोली आणि दुसऱ्याला जनरेटरकडची, असं झालं की तीस वर्षांपूर्वीच्या बाकावरची बरोबरी पहिल्याच दिवशी मोडते.

आकडा कमी निघाला तर? भिशी. कोल्हापूरकराला भिशी शिकवायची गरज नाही. दरमहा पाच हजार, पंधरा महिने. सोडत नाही, बोली नाही, दोघांच्या सहीच्या बँक खात्यात नुसते साठवायचे. पंधरा महिन्यांनी प्रत्येकाचे पंचाहत्तर हजार तयार. झेरॉक्सवाल्याला एकदम सत्तर हजार काढणं जड असतं, महिन्याला पाच हजार नसतं. दुसरा फायदा असा, की तीन हप्ते भरलेला माणूस "बघू" म्हणत नाही.

पैशातलंच अजून एक, म्हणजे टीसीएस, विकतानाच गोळा केला जाणारा कर. २०२० च्या ऑक्टोबरपासून परदेशी टूर पॅकेज घेतलं की टूर कंपनी त्यावर हा कर वसूल करते आणि तो तुमच्या पॅनवर जमा होतो. रिटर्न भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. दर मधे बदलत आलेत, बुक करताना विचारून घ्या. मुद्दा असा, की "सगळ्यांचं मी भरतो, नंतर हिशेब करू" म्हणून एकानं अकराजणांचं पॅकेज आपल्या पॅनवर घेतलं, तर सगळा टीसीएस त्याच्या नावावर बसतो आणि परताव्याचा हिशेब वर्षभर चालतो. प्रत्येकानं आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून भरायचं. तुमचा सीए मित्र हे दोन मिनिटांत समजावेल. फक्त मार्चमध्ये विचारू नका.

मार्चवरून आठवलं, आता तारखा. इथे तुमचा डिसेंबर मी खोडतोय.

कारखान्याचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास आटोपतो. त्या काळात कारखान्यातल्या माणसाला सहा दिवस रजा मागणं म्हणजे लग्नात नवऱ्यानं रजा मागण्यासारखं आहे. ज्यांचा ऊस तोडीला आलाय त्यांचंही तेच. शिवाय नाताळ आणि थर्टी फर्स्टमुळे तिकिटं आणि खोल्या वर्षातल्या सगळ्यात महाग. म्हणजे डिसेंबर धरलात तर कारखान्यातला मित्र गेला, आणि किंमत बघून बहुतेक झेरॉक्सवालाही.

मग पावसाळ्यात? जुलै-ऑगस्टात कोल्हापुरातून वेळेवर मुंबईला पोचणं हीच पैज असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. २०१९ च्या ऑगस्टात माझा एक ग्रुप इथं घरात बसून राहिला, विमान मुंबईहून रिकाम्या सीटा घेऊन उडालं. गणपतीत कुणी येणार नाही, नवरात्रात अंबाबाईला सोडून कुणी येणार नाही, दिवाळी घरची. पितृपक्ष खरं तर मित्रांच्या ट्रिपसाठी उत्तम: मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत, धंदा थंड. पण कुणाच्या ना कुणाच्या घरी "या दिवसांत परदेशात?" निघतंच, आणि ज्याच्या वडिलांची तिथी असते त्याचा प्रश्न वेगळाच.

उरतो एप्रिलचा पहिला आठवडा. कारखान्याचं धुराडं थंडावलेलं, ३१ मार्च उलटल्यामुळे सीए माणसात आलेला, आणि लग्नसराईचा जोर अजून पुढं. २ ते ८ एप्रिल धरा.

आता देश. एप्रिलच्या सुरुवातीला, तुमच्यासारख्या विखुरलेल्या मंडळींसाठी, मी श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा सांगेन: बेंटोटा ते उनावटुना, गॉलच्या अलीकडे-पलीकडे. कारण हवापाण्याचं आहे आणि नकाशाचंही. आपल्याकडे येणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथं मे महिन्यात पोचतो आणि मग तो किनारा सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खवळलेला असतो. नोव्हेंबर ते मध्य एप्रिल हा त्याचा शांत काळ. (मे ते सप्टेंबरमध्ये जायचंच असेल तर पलीकडची पूर्व बाजू, त्रिंकोमाली किंवा पासिकुडा. पण विमानतळावरून तिकडचा रस्ता लांबचा आहे.) मुंबईहून कोलंबो थेट विमानानं अडीच तास. दुबईहून साडेचार-पाच. मेलबर्नहूनही कोलंबोला थेट विमान आहे. न्यू जर्सीवाला एक रात्र दुबईत मित्राकडे काढून दोघं मिळून येऊ शकतात. त्याची झोपही तिथं थोडी भागते, नाहीतर पहिल्या संध्याकाळी तो खुर्चीतच घोरतो. घड्याळ आपलंच, अर्ध्या तासाचाही फरक नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथं क्यूआर असलेल्या दुकानांत आपलं यूपीआय चालतं. आणि कोल्हापुरातून निघून पाच रात्री, माझ्या अंदाजानं, माणशी साठ ते ऐंशी हजारांत बसतात.

फुकेत वाईट नाही. नोव्हेंबर ते एप्रिल तिथलाही मोसम चांगला, आणि दुसरी पसंती म्हणून मी तेच देईन. पण तिथं रोज एक बोट, रोज एक बेट असं वेळापत्रक आपोआप तयार होतं. सकाळी सातला व्हॅन, संध्याकाळी थकून परत, बोलायला वेळ नाही. मालदीवची गंमत आधी समजून घ्या: स्वस्त असतात ती स्थानिक वस्तीची बेटं, तिथं दारूला बंदी आहे, आणि इथून बाटली नेलीत तर माले विमानतळावर काढून घेतात. जिथं चालते ते रिसॉर्टचं बेट तुमच्या आकड्यात बसणार नाही. तुम्ही पिणारे नसाल तर हा मुद्दा सोडून द्या, पण मला तुमच्या प्रश्नाचा सूर तसा वाटला नाही. बालीत डिसेंबर म्हणजे ऐन पावसाळा. तिथला कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर. मेलबर्नवाल्याला ते जवळ पडतं, बाकी दहा जणांना नाही.

श्रीलंकेतही दोन तारखा सांभाळा. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष, तेव्हा गावंच्या गावं बंद असतात. आणि पौर्णिमा. दर पौर्णिमेला तिथं 'पोया' पाळतात, त्या दिवशी दारू विकत नाहीत, हॉटेलातही नाही. चैत्री पौर्णिमेला इकडं जोतिबाच्या डोंगरावर यात्रा आणि तिकडं ड्राय डे. तुमच्या आठ जणांत कुणी सासनकाठीचा मानकरी असला तर तो तसाही मिळणार नाही. पंचांग बघून तारीख दोन दिवस इकडंतिकडं सरकवा.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने पासपोर्ट चालू हवा. अकरात दोघांचा तरी संपलेला निघतो, आणि ज्याचा कधी काढलेलाच नाही तो ते शेवटपर्यंत सांगत नाही. कोल्हापुरात पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे, साधी फी १५०० रुपये, पोलीस पडताळणीचा वेळ धरून चार महिने आधी हलायचं. श्रीलंकेसाठी ऑनलाईन ईटीए, म्हणजे तिथं येण्याची आगाऊ परवानगी, काढावी लागते. शुल्काचे नियम बदलत असतात, सरकारी संकेतस्थळावरच बघा, मधल्या दुकानदार साईटवर नाही. न्यू जर्सी आणि मेलबर्नवाल्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्यांचे नियम त्यांच्या पासपोर्टाप्रमाणे, तुमच्याप्रमाणे नाहीत. न्यू जर्सीवाला अजून वर्क व्हिसावर असेल तर परत आत जाण्यासाठी त्याचा शिक्का चालू आहे का, हे पहिल्यांदा विचारा. तो संपलेला असला की माणूस अमेरिकेबाहेर पाय टाकायला घाबरतो, आणि तेही "बघू" याच शब्दात सांगतो.

कोल्हापूर ते मुंबई सगळे एकत्र, आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला विमान आहे, पण दोन वेगवेगळ्या तिकिटांवर त्याच दिवशी पुढचं विमान गाठायला जाऊ नका. पहिलं विमान ढगांमुळे रद्द झालं तर दुसरी कंपनी हात वर करते, आणि तिची चूकही नसते. शिवाय रेल्वेच्या डब्यात जी ट्रिप सुरू होते ती विमानात होत नाही.

राहायला हॉटेल घेऊ नका, बंगला घ्या. तिकडं व्हिला म्हणतात. मी बघतो ती एकच गोष्ट: कट्टा आहे का? म्हणजे अकरा खुर्च्या गोल मांडता येतील अशी ओसरी, छत असलेली, शेजाऱ्यांपासून लांब. मित्रांचा एक ग्रुप मी एकदा चांगल्या चार मजली हॉटेलात ठेवला. रात्री साडेबाराला कॉरिडॉरमध्ये हास्याचा जो गडगडाट झाला त्यानं मॅनेजर वर आला, दुसऱ्या रात्री पुन्हा आला, तिसऱ्या रात्री सगळे मुकाट्यानं जोडी-जोडीनं खोल्यांत बसले. पैसे गेले नाहीत, तीन रात्री गेल्या. खोल्या वाटताना लाज बाजूला ठेवून घोरणारे एकीकडे टाका. पन्नाशी ओलांडलेल्या अकरांत चार तरी निघतात. अकरावा एकटा राहतो, त्याची खोली न घोरणाऱ्याला नाही, रात्री तीनदा उठावं लागतं त्याला द्या.

आणि पाच रात्री म्हणजे पाचच रात्री, एकाच छताखाली. तीन रात्रींत हे काम होत नाही, त्याचं कारण मी प्रत्येक ग्रुपमध्ये पाहिलंय. पहिली संध्याकाळ आरडाओरड्याची: टक्कल, पोट, कुणाची कुणाला चिठ्ठी, कुठला प्राध्यापक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या गोष्टी संपतात. दुसऱ्या संध्याकाळी एक विचित्र शांतता येते, मोबाईल बाहेर निघतात, पोरांची पॅकेजं आणि गुंठ्याचे दर सुरू होतात. इथं आयोजक घाबरतो आणि काहीतरी कार्यक्रम घुसडतो. घुसडू नका. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पाण्यात कमरेएवढं उभं राहून, समोर न बघता, खरं बोलायला लागतो. कुणाची बायपास, कुणाचं कर्ज, कुणाचा मुलगा बोलत नाही. तो दिवस मोकळा हवा.

तरी एक-दोन ठिकाणं बघायचीच. गॉलचा किल्ला एक संध्याकाळ: पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी बांधून काढला, १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तटावरून चालत सूर्यास्त बघायचा. पन्हाळ्याच्या तटावर वाढलेल्यांना तिथं लगेच घरच्यासारखं वाटतं आणि बांधकामावर शेरेही सुरू होतात. कोलंबो-गॉल रेल्वे अगदी पाण्याच्या कडेनं जाते, एका बाजूनं तरी तिनं या. मिरिसाला सकाळी बोटीनं देवमासे दाखवायला नेतात, पण बोट लागणारे तिघं तरी असतात, सक्ती नको.

आता पोहणं. इथं मी थोडा कडक होतो. कोल्हापूरकर विहिरीत, रंकाळ्यात, पंचगंगेच्या घाटावर शिकलेला. पाठीला डबा बांधून शिकला आणि तेव्हापासून स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो. तो आहेही, पण साठलेल्या आणि नदीच्या पाण्यातला. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. वरून बघाल तर नेमकी तीच जागा शांत दिसते, कारण तिथं लाटा फुटत नाहीत. आणि आपली माणसं "इथं लाटा कमी आहेत" म्हणून तिथंच उतरतात. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही; दमून जाल आणि तिथंच बुडाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर परत. पोहायला जमत नसेल तर नुसतं तरंगत राहून हात वर करायचा. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय नाही. एक पेग झाला असेल तरीही नाही. या नियमावरून माझी ग्राहकांशी भांडणं झालीत आणि पुढेही होतील. उनावटुनाचा उपसागर खडकांच्या आडोशाचा, तुलनेनं निवांत, म्हणूनही मी ते सुचवतो. स्कूबा कुणी करणार असेल तर शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला किमान १८ तास सोडा.

विमा घेताना बीपी, शुगर, स्टेंट जे असेल ते खरं लिहा. लपवलं तर दावा तिथंच नाकारला जातो. भाड्याची स्कूटरही तशीच: चालू परवाना नसताना किंवा पिऊन चालवताना पडलात तर विमा मिळत नाही. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

खाण्याची काळजी श्रीलंकेत करू नका. भात, नारळाच्या रसातली कालवणं, आणि पोल सांबोल, म्हणजे आपली ओल्या खोबऱ्याची लाल चटणीच, झणझणीत. मात्र त्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो. कुणी माळकरी असेल तर प्रत्येक ठिकाणी विचारायचं. कांदा-लसूण चटणी न्या, पण मोठ्या बॅगेत, नीट बंद करून; हातातल्या बॅगेत तिखट आणि तेलाचं लोणचं सिक्युरिटीला काढून ठेवतात. सुकं खोबरं नेऊ नका, तेलामुळे पेटणारं म्हणून अडवतात. एका रात्री बंगल्याच्या स्वयंपाकघरात तुम्हीच तांबडा-पांढरा करा. नारळ तिथं हवे तेवढे. मेलबर्नवाल्याला कांदे कापायला बसवा.

रोजच्या खर्चाला टीटीएमएम करू नका, चहाच्या बिलावर अकराजण मोबाईल काढतात ते बघवत नाही. पहिल्या दिवशी सारखी काँट्री काढा, एकाच्या हातात द्या, संपली की पुन्हा. हा खजिनदार तुमच्यातला श्रीमंत नको. तो स्वतःच्या खिशातून भरत जातो आणि सांगत नाही. एटीएमवर किंवा कार्ड मशीनवर "भारतीय रुपयांत घ्यायचे का" असं विचारलं तर नको म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, नाहीतर मशीनवाला आपल्या मनाचा दर लावतो.

या रविवारी एवढंच करा: सगळ्यांकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि आकडा ऐकणारा माणूस ठरवा. नऊ फोटो येतील. उरलेल्या दोघांना ग्रुपवर आठवण करू नका, फोनही करू नका. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, आणि एकटे जा.